क्षमा झाली, आता वाजव

आमच्या घराण्याला उपासनेत हसू येण्याचा आजार आहे. मला तो आईकडून आला, आणि तिला तिच्या वडिलांकडून, म्हणजे माझ्या आजोबांकडून. सगळी मंडळी डोळे मिटून बसलेली, पंखेसुद्धा दबकत फिरतायत, आणि आमच्या बाकावरून नाकातून निसटलेला एक फुर्र आवाज. नवीन आलेले पाळकसाहेब सुरुवातीला भुवया उंचावतात. मग त्यांना सवय होते. आई म्हणते, "अगं, एवढं सगळं माफ झालंय म्हटल्यावर माणूस हसेल नाहीतर काय करेल? मला तर न हसणाऱ्यांचीच भीती वाटते."

तिचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. आमची मंडळी अंबरनाथ पूर्वेला, एका छोट्याशा देवळात जमते. हो, आमच्यातली जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. तिथल्या उपासनेचा क्रम मी डोळे झाकून सांगू शकते. आधी पापांची कबुली, सगळ्यांनी मिळून, खालच्या आवाजात. मग थोडी शांतता. ही शांतता मला लहानपणी फार लांब वाटायची, कारण तेवढ्यात आठवड्याभराची पापं आठवून संपायची आणि मग बाहेरच्या वडापावच्या गाडीचा वास यायला लागायचा. मग पाळकसाहेब उभे राहून क्षमेची घोषणा करतात. आणि त्यानंतर, लगेच, दम न घेता, आम्ही उठून गातो. उपकारस्तुतीचं गाणं. ते कधीच नीट सुरात सुरू होत नाही, कारण प्रत्येकाला घाई झालेली असते.

त्या घाईला ताल द्यायचं काम माझ्या मामाचं.

मामा आईहून लहान. विठ्ठलवाडीच्या चाळीत राहतो आणि उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्तर आहे. आठवडाभर कात्री चालवतो आणि रविवारी तबला वाजवतो. त्यातला उजवा तबला साधाच होता, बाजारातून घेतलेला. डग्गा मात्र आजोबांचा. तांब्याचा, जाड, नगरकडून अंबरनाथला कारखान्यात नोकरीला येताना त्यांनी मांडीवर घेऊन आणलेला. त्याच्या काठाला एक पोचा होता. तो पोचा आईने लहानपणी पाडला होता, ओट्यावरून डग्गा घरंगळत सोडून. "कसा वाजतो ते बघत होते," असं तिचं त्यावरचं स्पष्टीकरण अजूनही आहे.

आता या डग्ग्याचं महत्त्व सांगायला हवं, नाहीतर पुढचा गोंधळ कळायचा नाही. मामा ऐन तारुण्यात दारूच्या नादी लागला होता. त्या काळात त्याने आजोबांची पेटी विकून टाकली. हार्मोनियम, जिच्यावर आजोबा मंडळीला गाणी शिकवायचे. ही गोष्ट आमच्या घरात कोणी लपवत नाही. मामा स्वतःच सांगतो, आणि सांगताना पेटीचा भाता कसा होता तेही हाताने करून दाखवतो. पुढे तो सावरला आणि एका रविवारी देवळाच्या शेवटच्या बाकावर येऊन, मान खाली घालून बसला. कबुली झाली, क्षमेची घोषणा झाली, आणि आजोबा पुढच्या सतरंजीवरून उठले. हातात डग्गा. ते सरळ मागे चालत गेले, डग्गा मामाच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "क्षमा झाली. आता वाजव."

बस, एवढंच. भाषण नाही, अश्रू नाहीत. मामाला तेव्हा वाजवता येत नव्हतं. पण म्हणे त्याने असा काही बडवला की पाळकसाहेबांना गाणं दुसऱ्यांदा सुरू करावं लागलं, आणि आजोबांना हसू आवरेना.

तेव्हापासून मामाचा एक नेम होता. क्षमेची घोषणा होईपर्यंत डग्ग्याची खोळ काढायची नाही. आधीचं गाणं असो, स्तोत्र असो, उजव्यावर नुसती बोटं चालायची. घोषणा झाली की खोळ सर्रकन वर, आणि पहिला घुमारा. मी त्याला एकदा विचारलं होतं, हे कसलं नाटक? तो म्हणाला, "नाटक कसलं? माझं वाजवणं म्हणजे थँक्यू आहे. माफी मिळायच्या आधी थँक्यू कोण म्हणतं?"

आणि हाच डग्गा माझ्या आईने लिलावात विकला.

सांगते. दरवर्षी आमच्याकडे हंगामाचा सण होतो. जुन्या लोकांची शेतं नगरकडे राहिली, आता सगळे टू-बीएचकेवाले, पण हंगाम काही सुटत नाही. लोक आभाराची भेट म्हणून काय वाट्टेल ते आणतात: भोपळे, उसाची मोळी, नारळ, लोणच्याच्या बरण्या, केक, पाय बांधलेली कोंबडी. वेदीपुढे ढीग लागतो. उपासना झाली की त्याचा लिलाव होतो, आणि लिलाव करते माझी आई. शाळेत आयुष्यभर पीटी शिकवलेला आवाज. ती एक दुधी हातात धरते आणि अशी वर्णनं करते की दुधी न खाणारी माणसं भांडणावर येतात. घेतलेली वस्तू परत दान करायची आणि तिचा पुन्हा लिलाव होऊ द्यायचा, हीही आमच्यातली पद्धत. एकेक नारळ सगळ्या देवळात फिरून येतो. शेवटी कोंबडी स्वतःच कंटाळते.

त्यात सगळ्यांच्या आवडीचा प्रकार म्हणजे बंद गाठोडं. आत काय आहे ते आणणाऱ्यालाच माहीत. बोली लावायची ती गाठोड्यावर, आणि उघडायचं घरी जाऊन. या नियमाबाबत आई फार कडक आहे.

त्या वर्षी मामाने उपासना संपल्यावर डग्ग्याला खोळ घातली. नेहमीची खोळ त्या दिवशी सर्रकन ओढताना पार फाटली, म्हणून त्याने पिशवीतून नवी काढली, आदल्याच दिवशी पडद्याच्या फुलाफुलांच्या कापडाची शिवलेली, वरून नाडीसुद्धा घातलेली. सतरंजीवर उसाच्या मोळ्या आल्या होत्या, म्हणून त्याने डग्गा जरा बाजूला सरकवला. भोपळ्यांच्या शेजारी. आणि मामा मागच्या अंगणात पुलावाच्या पातेल्यावर गेला, कारण मंडळीच्या जेवणाचा डाव त्याच्याशिवाय कोणाच्या हातात देत नाहीत.

पुढचं माझ्या डोळ्यांसमोर झालं. आईने ते फुलाफुलांचं गाठोडं उचललं, हातावर तोललं, डोळे मोठे केले.

"आहा! वजन बघा! कोणाच्या घरचं एवढं जड प्रेम आहे हे? गोल आहे, गरगरीत आहे, कदाचित केक असेल, कदाचित कलिंगड असेल, ज्याच्या घरी जाईल त्याचं घर भरून जाईल!"

हात वर होत होते, आई नाचत होती, मी टाळ्या वाजवत होते. हे मला पुढे बरेच दिवस ऐकवण्यात आलं. बायकांच्या बाजूने शेवटचा हात वर गेला, कोणीतरी पाहुणी आजी होती, गाठोडं मागे गेलं आणि पुढच्या भोपळ्यावर बोली सुरू झाली.

मामा हात पुसत आत आला तेव्हा देवळात झाडलोट चालली होती. त्याने सतरंजी उचलली. ऊस हलवले. बाकांखाली वाकला. मग आईला सहज विचारलं, "ताई, माझा डग्गा कुठं ठेवला गं?"

"कुठला? मी नाही बघितला. कशात होता?"

"नवी खोळ शिवलीय ना. फुलाफुलांची."

आईचा चेहरा बघून मला हसू आलं. आजार, दुसरं काय. पण ते घशातच राहिलं, कारण मामाचा चेहराही मला दिसला.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने उजवा तबला काखेत मारला आणि निघून गेला. आई त्याच्यामागे फाटकापर्यंत धावली, चपलेविना. तो थांबला नाही.

शोधाशोध काय कमी केली आम्ही? रविवारच्या सूचनांमध्ये सांगितलं, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलं, पाळकसाहेबांनी शेजारच्या मंडळ्यांना फोन केले. सणाला बाहेरून खूप पाहुणे येतात. ती आजी कोण, कोणाबरोबर आली, कोणालाच सांगता येईना. आई विठ्ठलवाडीला जाऊन माफी मागून आली. एकदा नाही, पुन्हापुन्हा. मामीने चहा दिला. मामा म्हणाला, "जाऊ दे ताई," आणि टीव्हीचा आवाज वाढवला. 'जाऊ दे' म्हणणं म्हणजे माफ करणं नव्हे, हे आईला कळत होतं. मलाही.

पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाचा रविवार आला. आमच्याकडे रीत आहे की मनात कोणाबद्दल अढी असेल तर भाकर आणि प्याला घ्यायला पुढे जायचं नाही. आधी समेट, मग वेदी. मामा मागच्या बाकावर बसून राहिला. आणि भावाच्या मनात आपल्याबद्दल अढी आहे म्हणून आईही बसून राहिली. सगळी मंडळी रांगेने पुढे गेली आणि देवळात पुढे-मागे हे दोघंच, मोकळ्या बाकांमध्ये. मी रांगेत उभी होते आणि मला दोघांचेही कान ओढावेसे वाटत होते.

खरी पंचाईत तर गाण्याची झाली. तबला नाही म्हणून कीबोर्ड आला. कीबोर्डमध्ये दादऱ्याचं बटण असतं. ते दाबलं की आतला माणूस वाजवत सुटतो, मंडळी पोचली की नाही याची त्याला पर्वा नाही. क्षमेची घोषणा व्हायची, आम्ही उठायचो, बटण दाबलं जायचं, आणि सगळी मंडळी बस सुटल्यासारखी त्या तालामागे धावायची. आमच्या पुढच्या बाकावरच्या काकू तर तिसऱ्या ओळीलाच बसून घ्यायच्या. नाताळात घरोघरी गाणी म्हणत फिरलो तेही मोबाईलच्या स्पीकरवर.

आणि माझी आई गात नव्हती. ओठ हलायचे, आवाज नाही. नाकातून फुर्रही नाही. आमच्या पालेगावच्या फ्लॅटमध्ये सकाळी ती पोळ्या लाटताना गाते म्हणून खालच्या मजल्यावरचे लोक घड्याळ लावत नसत. ते आता मला लिफ्टमध्ये विचारू लागले, आईंची तब्येत बरी आहे ना? मला मामाचा राग यायचा. अरे, भांडं होतं ते! मग आजोबा आठवायचे, त्यांचं ते मागच्या बाकापर्यंत चालत जाणं आठवायचं, आणि रागही धड करता यायचा नाही. मामाला काय वाटत होतं ते मला समजत होतं. आपल्याला माफ केल्याची खूण कोणीतरी भोपळ्यांबरोबर विकून टाकली, आता माफी तरी राहिली की नाही, असं काहीतरी.

ईस्टरच्या आदल्या दिवशी पाळकसाहेबांचा मला फोन आला. बदलापूरला, कात्रपमध्ये एक आजी आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यांना ईस्टरला देवळात जाता येणार नाही, कोणी जाऊन प्रार्थना करून याल का? मी मामाला फोन केला, कारण स्कूटर त्याच्याकडे. तो रुसलेला होता तो वाजवण्यावर आणि आईवर. आजाऱ्यासाठी प्रार्थनेला तो कधी नाही म्हणत नाही. वाटेत तो एक शब्द बोलला नाही. एका रिक्षावाल्याला मात्र सविस्तर बोलला.

आजी पूर्वी नर्स होत्या. डोळ्यावर काळा चष्मा, तरी आम्ही आत येताच हुकूम सुटला, "चपला बाजूला, हात धुवून या, मग सलाम." आम्ही प्रार्थना केली. त्यांच्या मुलाने चहा आणला. आजी म्हणाल्या, "चहा बाल्कनीत घ्या. माझी बाग बघा. मला दिसत नाही, पण तुम्ही बघा."

बाग म्हणजे कुंड्यांची रांग. तुळस, कोरफड, मोगरा. आणि टोकाला, कोवळ्या कढीपत्त्याचं एक रोप घेऊन, आजोबांचा डग्गा.

मी पोचा आधी पाहिला. मग मामाकडे. त्याने चहाची बशी कठड्यावर ठेवून दिली.

"ते भांडं पाहिलंत?" आजी आतून म्हणाल्या. "तुमच्याच देवळातलं हो! हंगामाच्या सणाला, सुट्टीवर आलेली भाची मला घेऊन आली होती. बंद गाठोड्यात लागलं मला. वर काहीतरी चामडं आणि वाद्या होत्या, ते मुलाला सांगून काढून टाकलं. तळाला पाण्यासाठी भोक पाडायचं होतं, पण मेलं इतकं जाड की ड्रिल मशीन आणावं लागलं. जुन्या काळी धान्य मोजायचं माप असावं. हल्ली अशी भांडी कुठं मिळतात?"

"नाही मिळत," मामा म्हणाला.

"आणि ती लिलाववाली बाई! अगं बाई, काय आनंद तिला! घर भरून जाईल म्हणाली. मी रोज सकाळी या रोपाला पाणी घालते ना, तेव्हा पहिली प्रार्थना तिच्यासाठी करते. म्हणते, प्रभू, तिला असंच हसत ठेव. तुम्ही ओळखता तिला?"

मामा एक शब्द बोलला असता तर संपलं होतं. आजींचं तोंड पडलं असतं, रोप उपटलं गेलं असतं, भोक पडलेला डग्गा आम्ही घरी घेऊन आलो असतो, आणि त्या बाईने उरलेले दिवस आपण काय केलं म्हणून हळहळत काढले असते.

"ओळखतो," मामा म्हणाला. "माझी ताई आहे ती."

"मग सांग तिला, कढीपत्त्याने जीव धरलाय."

जिन्यात पहिल्या वळणापर्यंत मामा गंभीर होता. मग त्याच्या नाकातून आवाज आला. फुर्र. मी त्याच्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघंही कठड्याला धरून जे हसत सुटलो, की एका फ्लॅटचं दार उघडून कोणीतरी बघून गेलं. "ड्रिल मशीन!" मामा म्हणायचा आणि पुन्हा खाली बसायचा. "धान्याचं माप!" मी म्हणायचे. हसता हसता त्याचे डोळे वाहायला लागले आणि मग हसणं कुठे संपलं आणि रडणं कुठे सुरू झालं ते मला कळलं नाही. मी पायरीवर त्याच्या शेजारी बसले.

"मी रोज सकाळी उठून ताईवर दात खातो," तो म्हणाला, "आणि ही म्हातारी रोज सकाळी तिच्यासाठी प्रार्थना करते. एकाच डग्ग्यावरून."

थोड्या वेळाने त्याने नाक पुसलं. "मला वाटत होतं, बाबांनी माफ केलं ते डग्ग्यात होतं. डग्गा गेला, माफी गेली. येडा आहे मी. बाबांनी पेटी परत मागितली होती का माझ्याकडे? एकदा तरी?"

"नाही."

"मग?" तो उठला. "ताईला यातलं काही सांगू नकोस हां. ती येऊन आजींच्या पाया पडेल आणि सगळं खराब करेल."

ईस्टरच्या पहाटे देवळात मेणबत्त्या, पांढरे कपडे, आणि झोपेतून उठवून आणलेली चिडकी मुलं. कबुली झाली. क्षमेची घोषणा झाली. कीबोर्डवाली मुलगी बटणाकडे हात नेत होती तेवढ्यात मामा मागून तरातरा पुढे आला आणि म्हणाला, "राहू दे बेटा, आज मशीन बंद कर." काखेत उजवा तबला. पण डग्गा? त्याने इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याचे ते मोठे निळे जार असतात, त्यातला एक रिकामा त्याने उचलला, उलटा केला, मांडीशी दाबून धरला आणि तळहाताने एक थाप दिली.

धुम्म.

काय सांगू तुम्हाला. आख्खी मंडळी हसली आणि त्याच श्वासात गायला लागली. हा ताल कोणाला टाकून पुढे जात नव्हता. काकू उठून उभ्या राहिल्या. दुसऱ्या कडव्याला टाळ्या, तिसऱ्याला पाळकसाहेबांचा पाय, आणि चौथं कडवं नव्हतंच, ते आम्ही पहिलंच पुन्हा म्हटलं. एवढं आनंदी, एवढं बेसूर गाणं त्या देवळाने त्याआधी ऐकलं नसेल.

प्रभुभोजनाच्या वेळी मामा आईच्या बाकापाशी येऊन उभा राहिला. "ताई, चल."

"तू आधी माझ्याशी बोल," आई म्हणाली.

"बोललो की. चल म्हणालो ना?"

दोघं शेजारी शेजारी गुडघे टेकून बसले. मागून मला त्यांच्या पाठीच दिसत होत्या, आणि माझा जीव भांड्यात पडला.

अर्धवटच पडला खरं तर. कारण मामाने माफ केलं, पण आईने ते घेतलंच नाही. ती मामाशी बोलायला लागली, त्याला लोणचं पाठवायला लागली, पण गाण्यात ओठ नुसते हलत राहिले. मामाने नवा स्टीलचा डग्गा आणला, तेव्हा तर ती उठून बाहेरच गेली. मला म्हणाली, "त्याचं मन मोठं आहे गं. पण वस्तू तर गेलीच ना माझ्या हातून. मी कुठल्या तोंडाने नाचू?" मी सांगणारच होते, जिभेच्या टोकावर कढीपत्ता आला होता, पण मामाला शब्द दिलेला.

पुन्हा हंगामाचा सण आला. आईने लिलाव करायला साफ नकार दिला. म्हणून कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका साहेबांना उभं केलं. ते भोपळा हातात धरून म्हणाले, "भोपळा. लाल. स्थिती चांगली." कोणी हात वर करेना. नारळ पडून राहिले. कोंबडीलासुद्धा अपमान वाटला असावा, ती ओरडायला लागली. शेवटी पाळकसाहेबांनी हात जोडले आणि मामाने आईला मागून अक्षरशः ढकललं. ती पुढे गेली, दोनचार दुधी-कारली विकली, पण आवाज शाळा सुटल्यानंतरच्या शाळेसारखा.

तेवढ्यात दारातून हाक आली, "थांबा हो, माझी भेट राहिली!"

कात्रपच्या आजी. नवा चष्मा, नवी साडी, आणि मागे मुलगा, दोन्ही हातांत धरून आणलेला कढीपत्ता. वर्षात चांगला तरारला होता. मी मामाकडे पाहिलं. तोही सतरंजीवर अर्धा उठलेला.

आईने कुंडी घेतली. पानांआडून तिला भांडं दिसलं नसावं, कारण ती म्हणाली, "घरचा कढीपत्ता, बघा, काय वास..." आणि तिचं बोट काठावरच्या पोच्यात गेलं.

ती थांबली. बोट तिथेच.

"मागच्या वर्षी तुमच्याचकडून घेतलं होतं," आजी कौतुकाने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होत्या. "रिकामं आलं, भरून परत आणलं. ओळखलंत का?"

जुन्या लोकांनी ओळखलंच होतं. पुढच्या बाकावरच्या काकूंनी तोंडावर पदर धरला. आईने कुंडी छातीशी धरली. ती मामाकडे बघत होती. तिच्या ओठांवर एकच गोष्ट होती, आणि ती तिथे, आजींसमोर, निघाली असती तर सगळंच गेलं असतं.

मामा सतरंजीवरून उठला, तिच्यापाशी चालत गेला आणि हळू म्हणाला, "ईस्टरच्या आधीपासून माहीत आहे मला. आजी रोज पाणी घालताना तुझ्यासाठी प्रार्थना करतात." आणि मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं:

"ताई, क्षमा झाली. आता बोल."

आईने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा भोकातून ठिबकणाऱ्या मातकट पाण्याकडे. आणि नाकातून आवाज आला. फुर्र.

"आहा!" ती ओरडली. पीटीचा आवाज! मागची कबुतरं उडाली. "वजन बघा! आहे का कोणाच्या घरी असं भांडं? नाही मिळायचं! याच्यात काही ठेवा, वाढतंच! बोला, बोला, बोला!" तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती नाचत होती. आजी टाळ्या वाजवत होत्या. कुंडी विकली गेली, दान झाली, पुन्हा विकली गेली, सगळ्या देवळातून फिरली, सतरंजीभर माती सांडली, आणि शेवटी मामाने घेतली आणि आईच्या हातात दिली. मग गाणं झालं. आई गायली. खालच्या मजल्यावरचे लोक पालेगावात बसून ऐकू शकले असते.

आजींना अजून काही माहीत नाही. त्या फोन करून कढीपत्त्याची चौकशी करतात, आणि आई दर वेळी फोडणी दिल्याचं सांगते. तो आता आमच्या बाल्कनीत आहे. मामा आला की आधी तिथे जातो, वाकतो, आणि डग्ग्याच्या पोटावर तळहाताने एक थाप देतो. आत माती आहे, त्यामुळे आवाज येत नाही. तरी स्वयंपाकघरातून आई ओरडते, "वा!"